बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. विंचवाला घर बदलायचे झाले, तर त्याला गाडी सांगावी लागत नाही की हमाल शोधावे लागत नाहीत. माणसाचे तसे नाही. तो एका ठिकाणी चार दिवस स्थिरावला, की त्याच्या भोवती पाट, खाट, पेटी, पलंग, मांडणी आणि कपाट असा गोतावळा जमू लागतो. आणि जे चार दिवसांत जमते त्याच्या कैक पटींनी साठ वर्षांत जमते. मग कधीतरी ते घर सोडून दूर जाण्याची वेळ येते. त्या वेळी इतकी वर्षे भिंतीला टेकून मुकाट्याने उभी असलेली प्रत्येक वस्तू जणू विचारू लागते, की मला नेणार, की ठेवणार?

हिंगोलीच्या एका घरात २०२४ सालच्या मे महिन्यात हा प्रश्न उभा राहिला. घर मराठवाड्यातील जुन्या घरांसारखे, जाड भिंतींचे आणि माळवदाचे होते. घरात दोघेच : शहाऐंशी वर्षांचे आजोबा आणि ऐंशीला टेकलेल्या आजी. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. आजोबांना जिने चढवेनात, आजींना विहिरीवरचे पाणी कधीच सुटले होते, आता बाजारही सुटला. तेव्हा दोघांनी पुण्यास येऊन राहावे, असे ठरले. घर विकायचे नाही. सेनगाव तालुक्यातून हिंगोलीत बदलून आलेल्या एका शिक्षक-कुटुंबाला ते भाड्याने द्यायचे. हे सारे विनातक्रार ठरले. भांडण झाले ते सामानावरून.

सुटी लागताच मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात हिंगोलीस आली. मुलगा हिशेबी स्वभावाचा. त्याने पहिल्याच संध्याकाळी वही काढली आणि पानावर मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे ‘न्यायचे’, उजवीकडे ‘ठेवायचे’. अर्ध्या तासात उजवी बाजू भरून गेली आणि डावीकडे देवघर, दोन ट्रंका व आजोबांची आरामखुर्ची एवढ्याच नोंदी झाल्या.

“आणि कपाट?” आजोबांनी विचारले.

“नाना, कपाट कसे न्यायचे? हिंगोलीहून पुणे साडेचारशे किलोमीटरांच्या वर. तिथे आपण चौथ्या मजल्यावर. लिफ्टचे दार अडीच फुटांचे. त्यापेक्षा पुण्यात नवे घेतलेले स्वस्त पडेल.”

कपाट सागवानी होते. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल. दोन दारे, पाच कप्पे, वर नक्षीची एक आडवी पट्टी. त्याला हात लावला, तर लाकूड थंड आणि गुळगुळीत लागे. आजोबांनी त्यावर काही वाद घातला नाही. ते एवढेच म्हणाले, “मग मीही उजवीकडच्याच यादीत बरा.” मुलाने वही मिटली. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

अशा प्रसंगी एक पक्ष म्हणतो की वस्तू म्हणजे वस्तू, तिच्यात जीव गुंतवू नये. दुसरा म्हणतो की जुन्या वस्तूंत पूर्वजांचा हात असतो, त्या टाकू नयेत. दोन्ही बोलणी ऐकायला चांगली; परंतु दोहोंपैकी एकानेही कपाट ट्रकमध्ये चढत नाही की खाली उतरत नाही. मुलाने दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी थट्टेने म्हटले, “नाना, आपल्या नर्सीचे नामदेवमहाराज पार पंजाबात जाऊन राहिले. त्यांनी काय कपाट नेले होते?” नर्सी हे हिंगोलीजवळचे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते, पंजाबातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य होते आणि त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. आजोबा वारकरी. ते हसून म्हणाले, “त्यांचे सारे सामान त्यांना पाठ होते. माझे तसे नाही.”

नातीला मात्र या वादात एक गोष्ट खटकली. नवे घेतलेले स्वस्त पडेल, असे बाबा म्हणाले खरे. पण ते कोणी मोजले होते? तिने शिवणाच्या डब्यातील मापपट्टी घेतली आणि घरातील एकेक वस्तू मोजावयास सुरुवात केली.

घरसामान वाहून नेणाऱ्या ट्रकचे गणित समजून घेण्यासारखे आहे. धान्याची किंवा सिमेंटची पोती भरली, तर ट्रकची वजनाची मर्यादा आधी संपते आणि जागा शिल्लक राहते. घरसामानाचे याच्या उलट. खुर्च्या, मेजे, पलंग यांच्या पोटात पोकळीच फार. त्यामुळे वजन थोडे असतानाच ट्रक भरून जातो. म्हणून अशा सामानाचे भाडे खरे म्हणजे जागेचे भाडे असते. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार केला की वस्तूने व्यापलेली जागा घनफुटांत मिळते. ठरवलेल्या ट्रकचा हौदा चौदा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच होता. म्हणजे ५०४ घनफूट. पुण्यापर्यंतचे भाडे तीस हजार रुपये सांगितले होते. तेव्हा एका घनफुटाला सुमारे साठ रुपये पडले.

कपाट भरले ५२ घनफूट. त्याचे भाडे ३,१२० रुपये. आणि सोफा? तो सात फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. म्हणजे ६३ घनफूट! मुलाने दहा वर्षांपूर्वी आईवडिलांसाठी हौसेने घेतलेला तो सोफा मधोमध खचला होता, त्याचे कापड विटले होते. परंतु ‘पाहुण्यांना बसायला काहीतरी हवे’ म्हणून तो रात्रीतून डाव्या यादीत जाऊन बसला होता. त्याचे भाडे कपाटाहून अधिक निघाले. नातीने वही बाबांपुढे ठेवली. बाबांनी गुणाकार पुन्हा करून पाहिला, पुन्हा तोच आला.

नव्या कपाटाची किंमत बारा-चौदा हजार, असे मुलाने धरले होते. पण ते कपाट सागाचे नव्हते. लाकडाचा भुसा व बारीक तुकडे डिंकासारख्या पदार्थात मिसळून, दाबून ज्या फळ्या तयार करतात, त्यांचे ते होते. या फळ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या स्वस्त असतात, दिसायला नेटक्या असतात, आणि वाया जाणाऱ्या भुशाचा त्यांत उपयोग होतो. मात्र त्यांची एक खोड आहे. अखंड लाकडात तंतू लांबवर सलग गेलेले असतात. त्यांत फिरवलेला स्क्रू घट्ट धरला जातो. भुशाच्या फळीत सलग तंतू नसतात. एकदा बसवलेला स्क्रू काढून पुन्हा त्याच भोकात फिरवला, तर ते भोक भुगा होऊन ढिले पडते. पाणी लागले की फळीची कड फुगते, आणि फुगलेली कड पुन्हा पूर्ववत होत नाही. नातीसाठी हिंगोलीच्या घरात घेतलेले अभ्यासाचे मेज असेच होते. दोन वर्षांपूर्वी ते नुसते ओसरीतून माजघरात ओढले, तर त्याचा एक पाय निखळला तो पुन्हा बसला नाही. जागच्या जागी ते आणखी दहा वर्षे उभे राहिले असते. काही सामान एका जागी उभे राहण्यासाठीच जन्माला येते, त्याला प्रवास मानवत नाही. म्हणजे किंमत ताडायची, तर सागाच्या जुन्या कपाटाशी सागाचेच नवे कपाट ताडून पाहिले पाहिजे; आणि त्या किंमतीचा नुसता अंदाज ऐकून मुलाने वहीत तो आकडा लिहिलादेखील नाही.

एवढे झाले तरी अडीच फुटांचे दार अडीच फुटांचेच राहिले. चार फुटी कपाट त्यातून जाणार कसे?

प्रवासात सामान कसे न्यावे, ही अडचण काही या घरापुरती नव्हती, आणि आजची तर नव्हेच. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन जिल्हा झाला. पण गाव म्हणून त्याची ओळख फार जुनी आहे. निजामाच्या राज्यात येथे हैदराबाद कंटिन्जेंट या फौजेची छावणी होती, ती १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन होईपर्यंत. फौज म्हटली की बदली आलीच. आज हिंगोली, उद्या जालना, परवा आणखी कोठे. अशा छावण्यांतील इंग्रज अधिकाऱ्यांसाठी एक निराळ्याच प्रकारचे सामान बनत असे. खणांची मोठी पेटी अखंड नसून दोन अर्ध्या पेट्या एकीवर एक ठेवलेल्या असत. उंटाच्या किंवा खेचराच्या दोन बाजूंना एकेक अर्धी लटकवता यावी, हा हेतू. कोपरे आपटून फुटू नयेत म्हणून त्यांना पितळी पत्रे ठोकत आणि कड्या अडकू नयेत म्हणून त्या लाकडात खोलगट बसवत. रुडकीच्या नावाने ओळखली जाणारी एक खुर्ची तर अशी होती, की तिच्यात खिळा नाही, सरस नाही. लाकडी दांडे एकमेकांच्या खाचांत बसवायचे, वर जाड कापड आणि चामडी पट्टे ताणायचे, की खुर्ची तयार. जमीन उंचसखल असली तरी तिचे चारही पाय टेकत, कारण सांधे जखडलेले नसत. निघायच्या वेळी सारी खुर्ची एका पिशवीत मावे.

उलट, हलवण्याची सोय जास्त झाली म्हणजेही अनर्थ होतो. जपानमध्ये एके काळी घरोघरी चाके लावलेल्या मोठ्या पेट्या असत. आग लागली की पेटी ओढत रस्त्यावर आणायची, अशी कल्पना. १६५७ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, प्रचंड आग लागली. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या पेट्या रस्त्यावर आणल्या, आणि अरुंद गल्ल्या पेट्यांनीच बंद होऊन माणसांना पळायला वाट उरली नाही. पुढे तेथील राज्यकर्त्यांनी अशा चाकांच्या पेट्यांवर बंदी घातली.

तर आता कपाटाकडे वळू. सुनेने सुचवले, की कपाट मोजून झाले, आता एखाद्या सुताराला तरी दाखवावे. दुसऱ्या दिवशी गावातील एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी कपाट उघडले नाही. आधी त्याच्याभोवती फिरले, मग गुडघे टेकून त्याच्या पायाशी कान लावावा तसे वाकले, मग बोटाने सांधे चाचपले. शेवटी वरच्या नक्षीदार पट्टीला त्यांनी तळहाताने खालून हलकासा धक्का दिला. ऐंशी वर्षांची धूळ उडाली आणि पट्टी सहज वर उचलली गेली.

“मालक,” मिस्त्री म्हणाले, “ह्याच्यात एकबी खिळा न्हाई. करणारा माणूस शहाणा व्हता. हे कपाट निघतंय.”

फळीच्या टोकाला जी जीभ ठेवतात, तिला सुतार कुसू म्हणतात. कुसू दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवून वरून लाकडी मेख मारली, म्हणजे सांधा पक्का होतो. मेख उलट बाजूने ठोकून काढली, की तोच सांधा इजा न होता सुटतो. मिस्त्रींनी एक मेख काढली. फळी सुटून हातात आली. आणि इतकी वर्षे खाचेच्या अंधारात राहिलेल्या कुसवावर काळ्या रंगाने काहीतरी लिहिलेले दिसले.

मिस्त्रींना ते वाचता येईना. मुलाला येईना. नातीला वाटले की ही नक्षीच असावी. आजोबांनी चष्मा चढवला, फळी उजेडात धरली आणि म्हणाले, “तीन.”

अंक उर्दू होता. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार व शिक्षण यांची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य भारतात सामील झाले, तेव्हा आजोबा दहा वर्षांचे होते. तोवरचे त्यांचे शिक्षण उर्दूत झाले होते. भाषा पुढे विसरली; अंक राहिले. मग एकेक मेख निघू लागली आणि आजोबा अंक सांगू लागले. प्रत्येक अंक दोनदा होता : एकदा कुसवावर आणि एकदा त्याच्या खाचेजवळ. चारचा कुसू चारच्या खाचेत, पाचचा पाचच्या. जालन्याच्या कुणा सुताराने १९४४ साली कपाट करतानाच ते पुन्हा उघडले जाणार, हे गृहीत धरून ठेवले होते!

“जालन्याचे कशावरून?” नातीने विचारले.

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले ते असे. त्यांचे वडील निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. १९४४ साली त्यांची जालन्याहून हिंगोलीस बदली झाली. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. जालन्याहून पूर्णा आणि पूर्णेला गाडी बदलून हिंगोली, असा तो मीटरगेज रेल्वेचा प्रवास. हिंगोलीच्या स्थानकावर बैलगाडी सांगितली होती, आणि गाडीत फळ्यांची चवड होती. “त्या चवडीवर मला बसवले होते. आईने खाली घोंगडी घातली होती, तरी फळीची कड टोचत होती. मला वाटले होते, घराच्या माळवदाला लागणाऱ्या फळ्या असतील. पुढे चार दिवसांनी घरात कपाट दिसले; पण त्या फळ्यांचेच हे कपाट, हे काही आजतागायत ध्यानात आले नव्हते.” एवढे बोलून त्यांनी हातातली फळी हलकेच खाली ठेवली. जे कपाट या घरातून हलताच कामा नये, असे त्यांना अंतर्यामी वाटत आले होते, ते याच घरात पाहुणे म्हणून आले होते.

कपाटाचे अकरा तुकडे झाले. ते एकावर एक रचले, तेव्हा चवड भरली अवघी सोळा-सतरा घनफूट. बाकीची सगळी जागा आतल्या हवेची होती. हवा पुण्यापर्यंत नेण्याचे दोन हजारांहून अधिक रुपये वाचले, असे नातीने वहीत लिहिले. सगळ्यांत रुंद तुकडा दोन फुटांचा होता. म्हणजे लिफ्टच्या दाराचाही प्रश्न सुटला.

यानंतर इतर वस्तूंचे निकाल भराभर लागले. सोफा राहिला, येणाऱ्या शिक्षकांनी तो मागितला आणि तो नव्याने भरून घेऊ म्हणाले. लोखंडी पलंग घराजवळच्या एका कुटुंबास दिला. झोपाळ्याच्या कड्या निघाल्या, पण त्या टांगायला पुण्याच्या घरात तुळईच नव्हती. झोपाळा तेथेच राहिला. जाते न्यावे असे सुनेला वाटले. ते जड असले तरी जागा फार थोडी खाते, असे तिने गणिताने सिद्धही केले. पण आजींनी साफ नकार दिला. “चाळीस वर्षं दळले. आता त्याला बघायलाही नको,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. जुन्या वस्तूंविषयी फार हळवेपणाने बोलणाऱ्यांनी त्या वस्तू वापरणाऱ्या हातांना एकदा तरी विचारावे.

आणि खरोखर, त्या चार दिवसांत आजींना कोणी काही विचारलेच नव्हते. कपाट आजोबांचे, सोफा मुलाचा, मेज नातीचे. आजींचे काय? नातीने वहीतील नावे मोजताना हे तिच्या लक्षात आले. ती माजघरात गेली, तेव्हा आजी फडताळापुढे बसून बरण्या पुसत होत्या.

“आजी, तुला काय न्यायचंय?”

“हे,” आजींनी फडताळाकडे बोट केले.

फडताळ म्हणजे जाड भिंतीतच घडवलेले कपाट. त्याला पाठ नाही, बाजू नाहीत. भिंत हीच त्याची पाठ आणि भिंत हेच त्याचे अंग. आजी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून लोणच्याच्या बरण्या, सांडगे, पापड, मिठाचा सट, औषधाची डबी, नातीच्या वडिलांची पहिली अंगठी असे सर्व काही त्याच फडताळात राहत आले. उन्हाळ्यातही आतले अंगाला थंड लागे. कायद्यात मालमत्तेचे दोन प्रकार करतात, स्थावर आणि जंगम. जे हलते ते जंगम. घर, जमीन हे स्थावर. फ्रेंच, जर्मन आणि इटालियन भाषांत घरसामानाला जे शब्द आहेत त्यांचाही मूळ अर्थ ‘हलणारे’ असाच आहे. या हिशेबाने आजींची सारी मिळकत स्थावर निघाली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी धरणांच्या पाण्याखाली गावे गेली, तेव्हा लोकांनी घरांची दारे, तुळया, कौलेसुद्धा काढून नव्या जागी नेली; पण भिंतीतले फडताळ कोणी काढून नेऊ शकले नसेल.

नातीने यावर काही उत्तर दिले नाही. तिने मापपट्टी आत घातली. अडीच फूट रुंद, तीन फूट उंच, एक फूट खोल. सगळ्यांत उंच बरणी चौदा इंच. मग ती ओसरीवर फळ्यांच्या चवडीपाशी गेली आणि खाचांमधील अंतरे मोजू लागली. सर्वांत खालच्या दोन कप्प्यांची उंची प्रत्येकी पंधरा इंच होती.

तेथे आजोबांच्या फायली असत : जमिनीचे जुने कागद, १९७० पासूनची पंचांगे, कधीकाळच्या पावत्या, बंद पडलेल्या मासिकांचे गठ्ठे. संध्याकाळी नातीने ही मापे आजोबांना दाखवली, फक्त दाखवली. आजोबांनी ती दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते ओसरीवर सतरंजी टाकून फायली चाळत बसलेले दिसले. जमिनीचे कागद एका बाजूला गेले, ते सोडून बहुतेक सारे दुसऱ्या बाजूला. पंचांगांपाशी ते बराच वेळ थबकले. दुपारी मात्र रद्दीवाल्याला त्यांनी स्वतःच हाक मारली. साठ वर्षांच्या संसारात त्यांनी आजींना कपाटातली जागा दिली ती त्या दिवशी. आणि ती देताना तोंडाने एक शब्दही उच्चारला नाही. आजींनीही ऐकल्याचे दाखवले नाही. पण बरण्यांना कापड गुंडाळताना त्यांनी मोजून आठच बरण्या बाजूला काढल्या. दोन कप्प्यांत तेवढ्याच मावणार होत्या.

नववी बरणी त्यांनी फडताळातच ठेवली, नव्या लोणच्याने भरलेली. येणाऱ्या बाईंना रिकामे फडताळ देऊ नये, एवढेच त्या म्हणाल्या.

प्रवासाचे विशेष सांगण्यासारखे नाही. औंढा, जिंतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर असा तो रस्ता. जालना आले तेव्हा आजोबा खिडकीतून बाहेर पाहत होते. परंतु त्यांना ओळखू येईल असे काही रस्त्याकडेला उरलेले नव्हते.

पुण्यास कपाट उभे करताना मात्र गोची झाली. नातीने उर्दू अंक पाहून प्रत्येक तुकड्याला मराठी अंकाची चिठ्ठी चिकटवली होती. सहापर्यंत सारे बिनचूक बसले. सातची फळी काही केल्या सातच्या खाचेत जाईना आणि आठची आठच्या. पुण्याचा सुतार म्हणाला, की लाकूड वाकले असेल, थोडे तासावे लागेल. त्याने पटाशी हातात घेतलीही. तेवढ्यात आजोबा आतून आले. उर्दूत सात म्हणजे वर उघडलेला कोन, आणि आठ म्हणजे तोच पालथा घातलेला कोन. फळी उलटी धरली की सातचा आठ होतो! म्हणूनच जुन्या सुताराने प्रत्येक अंकाच्या पायाशी एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. नातीने अंक उतरवला. रेघ तिला अनवधानाने राहिलेला ओरखडा वाटली. चिठ्ठ्या बदलल्या आणि फळ्या आपापल्या जागी गेल्या.

आषाढात पाऊस लागला. कपाटाचे उजवे दार मिटेनासे झाले. लाकूड दमट हवेतील ओल शोषून रुंदीच्या बाजूने थोडे फुगते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आकसते. साग इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी फुगतो, पण फुगतोच. मुलाने पुन्हा सुताराला निरोप धाडला, की येताना रंधा घेऊन ये.

“रंधा मारू नको,” आजी म्हणाल्या.

“आई, दार लागत नाही. इथली हवा त्याला मानवलेली दिसत नाही.”

“तिथेही दर आषाढात ते असेच रुसायचे. तुम्ही कधी दार लावले असते तर कळले असते. तुझे नाना दार उघडे टाकून जायचे आणि मी ते गुडघ्याने रेटून लावायचे. आता तासलेस, तर उन्हाळ्यात फट पडेल.”

सुताराला नको म्हणून कळवले. श्रावण गेला, भाद्रपद गेला. दार अर्धे उघडे राही आणि आतल्या दोन कप्प्यांतील बरण्या येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत. आजी जाता येता एकदा गुडघा लावून पाहत आणि पुढे जात. दिवाळीच्या आधी, फराळाची तयारी चालू असताना, त्यांनी मिठाची बरणी काढली, परत ठेवली आणि सवयीने दार लोटले. ते गुडघा न लावताच बसले.